गाडीला अजून अवकाश आहे!

बालमित्रांनो,

तळोधीहून सातवीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. अक्षर मोत्यासारखं, तक्रार मात्र तिखट! तो लिहितो, "मॅडम, आम्ही सुटीत मामाकडे पुण्याला जातो. नागपूरला बस सकाळीच पोचते आणि रेल्वेगाडी असते संध्याकाळी. मधले सहा तास बाबा आम्हांला स्टेशनवर सामानाजवळ बसवून ठेवतात. नागपूर बघू म्हटलं की म्हणतात, गाडी चुकली तर? मॅडम, एवढ्या वेळात नागपूर पाहता येतं का? येत असेल तर तसं छापा. मी बाबांना दाखवीन."

घ्या, छापलं! आता हा अंक बाबांच्या हाती द्या आणि तुम्ही शेजारी बसून वाचा.

पण आधी एक सांगते. बाबांचं काही चुकत नाही हं. गाडी चुकली तर आरक्षणाचे पैसे गेले, पुढच्या गाडीत जागा नाही, आणि चार पिशव्या, एक ट्रंक, दोन लेकरं घेऊन रात्र कुठे काढायची? आपल्या नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडची कितीतरी माणसं नागपूरला वर्षानुवर्षं जातात. दवाखान्यात जातात, कोर्टात जातात, कुणाला तरी गाडीत बसवून द्यायला जातात. तरी विचारा त्यांना, नागपूर कसं आहे? मेडिकलचा वॉर्ड आणि स्टेशनचा फलाट, एवढंच सांगतील. फलाटावर चादर अंथरायची, शिदोरी सोडायची आणि दर अर्ध्या तासाने म्हणायचं, "बसा गुमान, गाडीला अजून अवकाश आहे."

त्या अवकाशाचं काय करता येतं ते आज बघू या. तिकडे सिंगापूरच्या चांगी विमानतळावर तर, ज्या प्रवाशांना पुढच्या विमानासाठी साडेपाच तासांहून जास्त थांबायचं असतं, त्यांना शहर दाखवून आणणारी फुकट फेरी असते, बरं का! आपल्याला कुणी फेरी काढून देणार नाही. आपली आपणच काढायची.

पहिली गोष्ट गणिताची. पाटी-पेन्सिल घ्या. समजा, बस ११ वाजता पोचली आणि गाडी ५ वाजता आहे. किती तास झाले? सहा! चूक. गाडीच्या पाऊण तास आधी फलाटावर हजर राहायचं, म्हणजे सव्वाचार. सामान सोडवून घ्यायचं, पाणी भरायचं, जिने चढायचे-उतरायचे, रस्त्यावरची गर्दी धरायची, म्हणजे साडेतीनला परत फिरायचं. बसस्थानकावरून स्टेशनवर येऊन, हातपाय धुऊन, सामान ठेवायला पावणेबारा होतात. उरले किती? पावणेचार तास. त्यातला अर्धा तास जेवणाचा. उरले सव्वातीन तास. सहा तासांचे असे सव्वातीन होतात, आणि बाबांना नेमकी हीच भीती वाटत असते. तेव्हा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. परतीचा वेळ आधी वजा केलेला दिसला की मोठ्या माणसांचा जीव निम्मा शांत होतो, हा माझा अनुभव आहे.

गाडी उशिरा धावतेय असं कळलं तरी तो वेळ हिशेबात धरू नका. उशिरा आलेली गाडी वाटेत वेळ भरून काढते आणि आपण पोहे खात राहतो.

दुसरी गोष्ट सामानाची. स्टेशनवर एक पाटी असते, "अमानती सामान घर". मागच्या हिवाळ्यात आम्ही दोन शिक्षक आमच्या शाळेतली अकरा मुलं घेऊन मुंबईला निघालो होतो, तेव्हा एकाने ही पाटी वाचून मला विचारलं, "मॅडम, अमानत कोण आहे?" अमानत म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. तिथं तिकीट दाखवायचं, पैसे भरायचे आणि पावती घ्यायची. पिशवीला कुलूप हवं, नाहीतर ठेवून घेत नाहीत. म्हणून घरून निघतानाच दोन लहान कुलपं बरोबर घ्या. पैसे, औषधं आणि तिकीट मात्र कधीही आत ठेवायचं नाही.

आता चला बाहेर. थांबा, थांबा! बाहेर पडण्याआधी मान वर करा. ज्या इमारतीतून तुम्ही धावत सुटणार आहात ती दगडी इमारत १५ जानेवारी १९२५ ला सुरू झालीय. नागपूरला रेल्वे आली त्याच्याही कितीतरी आधी, १८६७ मध्ये. दिल्लीहून चेन्नईला जाणारी मोठी वाट आणि मुंबईहून हावड्याला जाणारी मोठी वाट, या दोन वाटा इथं भेटतात. फलाटावर पाच मिनिटं नुसते उभे राहून डब्यांवरच्या पाट्या वाचल्या तरी अर्धा भूगोल होतो. आमच्या मुलांनी तेरा गावांची नावं टिपली. त्यातली चार नकाशात कुठे आहेत ते मलाही शोधावं लागलं!

स्टेशनच्या पश्चिमेकडून बाहेर आलात की समोरच सीताबर्डीची टेकडी. पायथ्याशी टेकडीचा गणपती. नागपूरकर गाडीला जाता-येता इथं हात जोडतात, तुम्हीही जोडा. टेकडीवर किल्ला आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला इथं अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली. भोसले हरले आणि नागपूरचं राज्य इंग्रजांच्या मुठीत गेलं. आज किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. आपल्यासारख्यांना तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला बघायला मिळतो. एरवी खालूनच पाहायचा आणि पुढे व्हायचं. वर जाऊ द्या म्हणून पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात वेळ दवडू नका.

तिथून विचारत विचारत पंधरा-वीस मिनिटं चाललं की येतो झिरो माईलचा खांब. चार घोडे आणि मधोमध दगडी खांब, हे चित्र तुम्ही पुस्तकात पाहिलं असेलच. "हा भारताचा मध्यबिंदू" असं कुणीही सांगेल. आता जरा डोकं चालवू या. ज्या काळात हे मोजमाप झालं तेव्हा हिंदुस्थानच्या सीमा कुठवर होत्या? आजचा पाकिस्तान त्यात, बांगलादेश त्यात. १९४७ मध्ये सीमा बदलल्या. चादरीचा एक तुकडा इकडून आणि एक तिकडून कापला तर तिचा मध्य जागेवर राहील का? मग हा खांब आजच्या भारताचा अगदी मध्य कसा असेल?

मुलांना हे सांगितलं तर एक जण हिरमुसलाच. "म्हणजे खोटं आहे का जी?" खोटं नाही रे राजा. खांबामागची खरी गोष्ट मध्यबिंदूपेक्षा मोठी आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन नावाच्या अधिकाऱ्याने दक्षिणेत मद्रासजवळ एक रेघ मोजायला घेतली आणि त्या रेघेवर त्रिकोण, त्या त्रिकोणावर दुसरा त्रिकोण, असं करत हा सगळा देश मोजायचं काम सुरू झालं. भूमितीच्या पुस्तकातला त्रिकोणच, पण बाजू कित्येक मैलांची! डोंगरमाथ्यांवर, देवळांच्या कळसांवर जड यंत्रं चढवायची, दूरची खूण दुर्बिणीतून बघायची आणि कोन मोजायचा. अरण्यांतून हिंडताना कितीतरी माणसं तापाने मेली. लॅम्ब्टन स्वतः वीस वर्षांहून जास्त काळ हे काम करत उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये वारला. कुठे, माहीत आहे? हिंगणघाटला! आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात. त्याची कबरही तिथंच आहे. हेच काम पुढे चालू राहिलं आणि त्यातूनच हिमालयातल्या सर्वांत उंच शिखराची उंची निघाली.

झिरो माईलला घोड्यांबरोबर फोटो काढून लोक निघून जातात. तुम्ही तसं करू नका. जवळच एक बुटका दगड आहे, तो खरा बघण्याजोगा. त्यावर १९०७ हे साल आहे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, १०२०.१७१ फूट. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! आजूबाजूच्या गावांची नावंही कोरलेली आहेत. हैदराबाद आहे, जबलपूर आहे, शिवनी, छिंदवाडा, बैतूल आहे. आणि चांदा आहे! चांदा म्हणजे आपलं चंद्रपूर. ते नाव सापडलं तेव्हा आमच्या पोरांनी असा गलका केला की रस्त्यावरचे लोक थांबून पाहू लागले.

आणखी एक. हे शहर वसवलं कुणी? भोसल्यांनी, असं पुष्कळांना वाटतं. भोसले नंतरचे. १७०२ मध्ये देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने इथल्या छोट्या-छोट्या वस्त्या एकत्र करून नागपूर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी इथं आणली. स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला गांधीसागर तलाव आहे ना, जुने लोक ज्याला जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलाव म्हणतात, तो त्याच्या काळातला. चांद्याचा परकोट गोंड राजांचा हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. नागपूरही गोंड राजाचं, हे मात्र नागपुरातल्या पोरांनाही विचारून बघा!

झिरो माईलजवळच एक स्मारक आहे. गोवारी शहीद स्मारक. शेजारून जो उड्डाणपूल जातो त्यालाही गोवारी शहिदांचंच नाव आहे. पुष्कळ गाड्या वरून भर्रकन जातात. आपण थांबू या.

गोवारी म्हणजे गायी राखणारा समाज. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीला गायगोधन होतं, ढाल नाचवतात, डफ वाजतो, तो गोवाऱ्यांचा मान. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू होतं. हजारो गोवारी मोर्चा घेऊन आले होते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचेही होते. आम्हांला अनुसूचित जमातीत धरा, ही मागणी होती. पोलिसांनी मोर्चा अडवला होता. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं चिरडून मेली. त्यांत बाया होत्या, कडेवरची लेकरं होती.

हे मी मुलांना सांगत होते. सांगावं की नाही, एवढ्या लहान मुलांना झेपेल का, असा विचार येत होताच. तेवढ्यात आमच्या पाचवीतली एक मुलगी, वर्गात सहसा न बोलणारी, हळूच म्हणाली, "माह्यी आजी आली होती जी इथं."

सगळे तिच्याकडे वळले.

"तिची चप्पल इथंच राह्यली म्हणते. गावाले तशीच आली, बिनचपलेची."

"आणि सोबतचे?" आमच्या सरांनी विचारलं.

"एक मामी आली होती तिच्यासंग. ते नाई आली परत."

कुणी काही बोललं नाही. मग एका मुलाने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "मॅडम, आपल्या शाळेचा पट शहाण्णव आहे." एवढंच म्हणाला. मुलीने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, स्मारकाला हात लावला, परत चपला घातल्या. ते बघून बाकीच्या दहा जणांनीही तसंच केलं.

आम्ही ठरवलं होतं त्यापेक्षा तिथं वीस मिनिटं जास्त गेली. म्हणून पुढची एक जागा गाळली. गाळायची म्हटल्यावर कुरकूर होणारच, असं मला वाटलं होतं. कुणी केली नाही.

यानंतर मध्यवर्ती संग्रहालय. लोक याला अजब बंगला म्हणतात. झिरो माईलहून चालत जाता येतं. १८६३ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय आपल्या देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक आहे. दगडी मूर्ती, शिलालेख, जुनी नाणी, तलवारी-बंदुका, पेंढा भरलेले प्राणी-पक्षी, आदिवासींच्या जीवनावरचं दालन, असं खूप काही आहे. संग्रहालयात शिरलं की मुलं पळत सुटतात. पहिल्या दालनातून शेवटच्या दालनात, आणि बाहेर. दहा मिनिटांत "बघून झालं!" विचारलं काय पाहिलं, तर "मूर्त्या!" त्यापेक्षा एकच दालन निवडा. त्यातली एकच वस्तू निवडा. वहीत तिचं चित्र काढा, पाटीवरची माहिती उतरवून घ्या. आमच्या एका मुलाने शिलालेखासमोर बसून अर्धा तास घालवला. त्यातलं अक्षरही त्याला वाचता येत नव्हतं. तरी त्याने दोन ओळी जशाच्या तशा वहीत काढल्या. बाकी काही बघितलं नाही याचं त्याला मुळीच दुःख नव्हतं. आणि हो, अशी संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात. तेव्हा प्रवासाचा वार पाहून बेत करा.

महाराजबागेत प्राणिसंग्रहालय आहे, तेही इथून लांब नाही. पण खरं सांगू का? रोज संध्याकाळी "वाघ फिरून राह्यला, बाहेर जाऊ नका" असं ऐकणाऱ्या आपण मंडळींनी पैसे देऊन नागपुरात वाघ पाहायला जायचं म्हणजे गंमतच! घोडाझरीच्या जंगलाशेजारी राहणाऱ्यांनी तो वेळ दुसरीकडे वापरावा.

कुठे, ते सांगते. ज्यांना चालायचं नाही, किंवा उन्हाळ्याचे दिवस आहेत, किंवा झिरो माईल पाहून झालंय, त्यांच्यासाठी दुसरी फेरी. नागपुरात २०१९ पासून मेट्रो धावते. रेल्वे स्टेशनजवळच मेट्रोचंही स्टेशन आहे. तिथून सीताबर्डीला जायचं, तिथं गाडी बदलायची आणि कडबी चौकाला उतरायचं. सरकत्या जिन्याला घाबरू नका. आधी एक पाय, मग दुसरा, आणि कठड्याला हात. आमच्यातला गावातल्या कुठल्याही झाडावर चढणारा एक पहिलवान त्या जिन्यासमोर पाच मिनिटं उभा होता. शेवटी साध्या जिन्याने गेला आणि आमच्या आधी वर पोचला!

कडबी चौकाजवळ रेल्वेचं नॅरोगेज संग्रहालय आहे. १४ डिसेंबर २००२ ला ते सुरू झालं. नॅरोगेज म्हणजे अरुंद रूळ, आपली छोटी लाईन. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आजच्या मोठ्या गाडीचं साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. घरी पट्टीने जमिनीवर दोन्ही आखून बघा, म्हणजे फरक कळेल. डोंगर-जंगलातून लाईन न्यायची तर अरुंद रूळ स्वस्त पडत. वळणं आखूड घेता येत, पूल लहान पुरत, डबे आणि इंजिन हलके असत.

आणि या अरुंद रुळांशी आपलं नातं काय? अहो, नागभीड जंक्शन कशामुळे झालं? नागपूर ते नागभीड ही छोटी लाईन १९०८ मध्ये सुरू झाली. झिरो माईलच्या दगडावर १९०७ कोरलंय, त्याच्या पुढच्याच वर्षी! इतवारीहून निघायची, कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला यायची. शंभराहून थोडं जास्त किलोमीटर अंतर, पण अर्धा दिवस खायची. मी लहानपणी तिच्यात बसलेय. भिवापूरला मिरच्यांची पोती चढली की सगळा डबा शिंकायचा. चढावर गाडी इतकी हळू व्हायची की धाडसी पोरं खाली उतरून पुन्हा चढायची. (तुम्ही आजच्या गाडीत असलं काही करू नका हं!) २०१९ मध्ये रुंद रूळ टाकण्यासाठी ही लाईन बंद झाली. नागभीडवरून जाणाऱ्या गोंदिया-चांदा फोर्ट लाईनचे रूळ तर त्याआधीच, १९९० नंतरच्या दशकात रुंद झाले होते.

म्हणजे आज पाचवी-सहावीत असलेल्या मुलांना आपल्याच गावची छोटी गाडी आठवणं शक्य नाही. ती बघायची तर या संग्रहालयात जायचं. वाफेचं इंजिन आहे, जुने डबे आहेत, सिग्नलचे दिवे आणि रेल्वेची नाना अवजारं आहेत. सोबत आजोबा-आजी असतील तर त्यांना जरूर न्या. मग तुम्हांला माहितीची पाटी वाचावी लागणार नाही. या फेरीला जाऊन-येऊन अडीच तास धरा. झिरो माईलची फेरी आणि ही फेरी एकाच दिवशी करायचा हट्ट धरू नका. एक आज, एक पुढच्या वेळी. मामा काही पुणं सोडून जात नाही!

तिसरी एक जागा आहे, तिच्यासाठी वेळ वेगळा राखून ठेवावा. दीक्षाभूमी. स्टेशनवरून ऑटोने गेलं तरी शांतपणे बघायला दोन तास लागतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते चंद्रपूरला आले आणि तिथंही हजारो लोकांनी दीक्षा घेतली, हे आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना ठाऊक हवं. इथला स्तूप २००१ मध्ये खुला झाला. उंची १२० फूट आणि व्यासही १२० फूट. आत पोकळ आहे. मधोमध उभं राहून वर बघितलं की आपोआप आवाज खाली येतो, कुणाला "शांत बसा" म्हणावं लागत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास मात्र तिथं अफाट गर्दी असते. गाडी पकडायची असेल तर तेव्हा जाऊ नका. मुद्दाम त्याच दिवसासाठी म्हणून जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

खाण्याचं राहिलंच! शिदोरी बरोबर असेल तर उत्तम. पण एक प्लेट तर्री पोहे खाल्ल्याशिवाय नागपूर सोडू नये. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री. नाकातून पाणी येतं, तरी माणूस दुसरी प्लेट मागतो. प्रवासात पोट बिघडेल असं आई म्हणेल. तिचं ऐका, आणि तर्री थोडी कमी घ्या! घरी न्यायला संत्रा बर्फी आहे. हिवाळ्याचे दिवस असतील तर संत्रीच घ्या. साली मात्र गाडीच्या खिडकीतून फेकायच्या नाहीत.

निघताना प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी ठेवा. त्यावर आपलं नाव, मोठ्यांचा फोन नंबर, गाडीचं नाव आणि सुटायची वेळ. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ती जागाही आधीच ठरवा. आम्ही "इंजिनाच्या बाजूचा जिना" असं ठरवलं होतं. तिथं पोचल्यावर कळलं, गाडी कुठल्या बाजूने येणार हेच कुणाला माहीत नाही! शेवटी पुस्तकांच्या दुकानासमोर जमायचं ठरलं. ते बरं, दुकान जागचं हलत नाही.

तळोधीच्या मित्रा, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. पहिल्या खेपेला त्यांनी फक्त टेकडीचा गणपती आणि झिरो माईल एवढंच कबूल केलं तरी हरकत नाही. दीड तासात होतं. आणि हे कागदावर लिहून दाखव: "आम्ही साडेतीनला परत फिरू, कुणीही 'अजून पाच मिनिटं' म्हणणार नाही." खाली सही कर. धाकट्या बहिणीचीही घे.

आता या आठवड्याचं कोडं. झिरो माईलच्या दगडावरची उंची १०२०.१७१ फूट आहे. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. नागभीड स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर, गावाच्या नावाखाली, समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते. ज्यांचं स्टेशन दुसरं आहे त्यांनी आपल्या स्टेशनची पाटी वाचावी. तुमचं स्टेशन झिरो माईलपेक्षा उंच आहे की सखल, आणि किती मीटरने? उत्तर आकडेमोडीसकट पाठवा. नुसतं उत्तर चालणार नाही!

तुमच्या,
नागभीडच्या मॅडम